जुनी गाडी कोणाची?

जुनी वस्तू दुरुस्त करणे वेगळे आणि जुनी वस्तू बदलणे वेगळे, असे आपण समजतो. पण या दोहोंमधली रेषा नेमकी कुठे आहे, हे सांगायची वेळ आली की भले भले अडखळतात. कौलारू छप्पर काढून स्लॅब टाकला, तर आपण म्हणतो घर दुरुस्त केले. मशिदीचे लाकडी खांब काढून सिमेंटचे उभे केले, तर त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. आजीच्या बांगड्या मोडून नव्या घडणीचा हार केला, तरी घरात तो 'आजीचा हार' म्हणूनच ओळखला जातो. प्रत्येक ठिकाणी काहीतरी राहिले आणि काहीतरी गेले. जे राहिले ते महत्त्वाचे की जे गेले ते, याचा निवाडा मात्र आपण सोयीप्रमाणे करतो.

हा प्रश्न अलीकडे माझ्यापुढे आला तो एका गाडीमुळे. आमच्या किनाऱ्यावर, म्हणजे मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात, जुन्या चारचाकी-ताकदीच्या जीपा आणि पिकअप गाड्या शोधून त्या नव्याने उभ्या करण्याची हौस तरुणांत वाढली आहे. ज्या गाड्या पंधरा-वीस वर्षे माडाखाली ताडपत्री पांघरून पडून होत्या, ज्यांच्या सीटांवर कोंबड्या अंडी घालत, त्या आता गॅरेजात उभ्या दिसतात. चार चाकांना एकाच वेळी ताकद देणारी ती यंत्रणा, जिला सगळे 'फोर बाय फोर' म्हणतात, ती पुन्हा चालू केली जाते. गाडी उंच केली जाते, मोठे टायर चढतात, पुढे विंच बसते आणि मग ती गाडी डोंगरात, नदीपात्रात किंवा पुळणीवर नेली जाते. याला म्हणायचे ऑफ-रोडिंग. इगतपुरीजवळ तर खुद्द महिंद्रा कंपनीने हे शिकवण्यासाठी केंद्र काढले आहे. हा पोरकटपणा आहे, असे म्हणून विषय संपवणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. माणूस जुन्या वस्तूशी कसा वागतो, यावरून तो आपल्या वाडवडिलांशी आणि शेजाऱ्यांशी कसा वागेल हे बरेचसे कळते.

माझ्या मामेभावाकडे अशी एक पिकअप आहे. पुढून जीप, मागे उघडा हौदा. मामूंनी ती घेतली तेव्हा आमच्या वाडीकडे येणारा रस्ता लाल मातीचा होता आणि पावसाळ्यात तो रस्ता आहे की ओढा, हे सांगता येत नसे. त्या हौद्यातून बर्फाच्या पेट्या आणि मासळी गेली, आंबा-सुपारी गेली, नवरीचे सामान गेले, अडलेल्या बाळंतिणी गेल्या आणि दोन-चार वेळा मय्यतही गेली. मामूंच्या इंतकालानंतर गाडी उभी राहिली ती राहिलीच. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला. मामेभाऊ कुवेतला होता. तिथे सुटीच्या दिवशी लोक मोठमोठ्या पिकअप घेऊन वाळवंटात टेकड्यांवर चढतात-उतरतात, हे त्याने पाहिले होते. कायमचा परत आल्यावर त्याने ठरवले, अब्बांची गाडी पुन्हा उभी करायची, आणि तीही तशीच, वाळवंटातल्या गाड्यांसारखी.

'अब्बांची गाडी' आणि 'वाळवंटातल्या गाड्यांसारखी' या दोन गोष्टी एकाच गाडीत मावतील का, हा आपला प्रश्न.

प्रथम 'मूळ' या शब्दाकडे पाहू. गाडी मूळ रूपात आणायची असे म्हणतात, तेव्हा कोणते मूळ अभिप्रेत असते? जीपचा इतिहास पाहिला तर मोठी गंमत दिसते. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला एक हलकी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी हवी होती. तिचा पहिला नमुना सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने करून दिला. पण कंपनी लहान म्हणून मोठी कामे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना मिळाली. इंजिन विलीजचे गाजले, आणि पुढची ती पत्र्यात कापलेल्या उभ्या फटींची जाळी, जिला जग 'जीपचा चेहरा' म्हणते, ती फोर्डची. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो, तेच तीन घरचे पाणी पिऊन मोठे झाले होते.

आपल्याकडे ती आली तीही अशाच गुंतागुंतीतून. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी काढली. तिचे नाव होते 'महिंद्रा अँड मोहम्मद'. १९४७ मध्ये फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ या काळात तिथले गव्हर्नर जनरल होते. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. दोन 'म' तसेच राहिले, दुसऱ्या 'म'चा अर्थ बदलला. त्याच सुमारास सुटे भाग आणून विलीजच्या जीपा मुंबईत जोडणे सुरू झाले. पुढे एकेक भाग इथेच तयार होऊ लागला, आणि काही वर्षांनी तिच्यात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावरचे डिझेल इंजिन बसू लागले. मामूंच्या गाडीत तेच होते.

आता सांगा, या गाडीचे मूळ कुठले? कल्पना अमेरिकी सैन्याची, पहिला नमुना बँटमचा, चेहरा फोर्डचा, नाव विलीजचे, इंजिन फ्रान्सचे, जोडणी मुंबईची आणि कंपनीच्या पाटीवर पुसलेले एक नाव आपल्यातले. १९४८ मध्ये जी कंपनी आपल्या पाटीवरचे नाव बदलूनही तीच कंपनी राहिली, तिच्याच गाडीविषयी 'इंजिन बदलले तर ती तीच गाडी का' असा वाद घालावा लागावा, यात एक प्रकारचा विनोद आहे. त्यातून एवढे तरी कळते की 'मूळ' हा एखाद्या तारखेला गोठलेला क्षण नसतो. त्यामुळे 'मूळ रूप' या नावाखाली कोणी शुद्धतेचा आग्रह धरला, तर त्याला विचारावे, बाबा रे, शुद्ध कुठल्या वर्षापासूनचे?

पण याचा अर्थ कसाही बदल चालतो, असाही नाही. इथेच तत्त्वज्ञानातले ते जुने जहाज आठवते. थीसियस या ग्रीक वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची. असे करता करता सगळ्याच फळ्या नव्या झाल्या. प्लुटार्कने लिहून ठेवले आहे की यावरून विचारवंतांत दोन तट पडले. काही म्हणत जहाज तेच, काही म्हणत ते नव्हेच. पुढे १६५५ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने यात आणखी एक पाचर मारली. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते?

आपल्या किनाऱ्यावर हे कोडे पुस्तकात वाचावे लागत नाही. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या पाहा. दर पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली जाते, खराब फळ्या बदलल्या जातात, सांधे भरले जातात, तेल चोपडले जाते. काही वर्षांनी होडीत मूळची फळी किती उरली, हे मालकालाही सांगता येत नाही. तरी होडी तीच असते, कारण ती दर हंगामात तेच काम करते आणि त्याच नावाने ओळखली जाते. हॉब्जची पाचरही आमच्या गॅरेजात रोज पाहायला मिळते. एका जीपचा गिअरबॉक्स दुसरीत, दुसरीचा एक्सल तिसरीत, आणि भंगारातून उचललेला पत्रा चौथीच्या अंगावर.

सातवीच्या वर्गात एकदा मी मुलांना हाच प्रश्न विचारला. दादांच्या गाडीचे इंजिन बदलले, पत्रा बदलला, चाके बदलली, तर ती दादांचीच गाडी का? एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, नंबर प्लेट तीच असेल तर तीच गाडी." वर्ग हसला, पण तिचे उत्तर आर.टी.ओ.चे उत्तर होते. सरकारदरबारी गाडीची ओळख म्हणजे नोंदणी क्रमांक, चासीचा क्रमांक आणि इंजिनचा क्रमांक. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी फारसे बोलत नाही, त्याने विचारले, "दादा जिथं जायचे तिथं ती जाते का?" या दोन उत्तरांत शंभर पाने लिहिता येतील इतका ऐवज आहे. एक नावाकडे पाहते, दुसरे कामाकडे.

आणि आश्चर्य म्हणजे आपल्या फिक्हच्या ग्रंथांनी शेकडो वर्षांपूर्वी नेमकी हीच दोन टोके धरली होती. बाराव्या शतकात मध्य आशियातल्या बुरहानुद्दीन मर्गीनानी यांनी लिहिलेला 'हिदाया' हा हनफी कायद्याचा ग्रंथ आपल्या परिचयाचा आहे. त्यात 'गसब'चे, म्हणजे दुसऱ्याची वस्तू बळकावण्याचे प्रकरण आहे. कोणी दुसऱ्याचा गहू बळकावून दळला, किंवा लोखंड बळकावून त्याची तलवार केली, तर मूळ मालक काय मागू शकतो, वस्तू की किंमत? हनफींचे म्हणणे असे की वस्तूचे नाव आणि तिचे मुख्य उपयोग दोन्ही पालटले, तर ती जुनी वस्तू संपली. बळकावणाऱ्यावर तिच्या भरपाईचे ओझे आले, आणि भरपाई होईपर्यंत त्याने तिचा उपभोग घेणे योग्य नाही. सोन्याचांदीच्या बाबतीत मात्र इमाम अबू हनीफा म्हणतात की घडण बदलली तरी मालकाचा हक्क जात नाही. आजीचा हार आजीचाच राहतो, तो असा. इमाम शाफईंचे मत पहिल्या उदाहरणांतही वेगळे आहे. वस्तूवर कितीही प्रक्रिया केली तरी मालकाचा हक्क तुटत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याच प्रकरणात बळकावलेल्या सागाच्या तुळईवर घर बांधल्याचेही उदाहरण येते आणि तिथेही हे दोन तट आहेत. आपण कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई, म्हणून हा मतभेद आपल्याला घरचा वाटावा.

वडिलांची गाडी मुलाने घेतली, तर ती अर्थातच बळकावणी नव्हे, वारसा आहे. मी तो नियम इथे लागू करत नाही. पण त्यामागची दृष्टी उसनी घ्यावीशी वाटते. बदल किती झाला हे फळ्या मोजून ठरत नाही. नाव आणि मुख्य उपयोग पाहावा लागतो. आणि वस्तू पार बदलली तरी कोणाची तरी भरपाई आपल्या अंगावर येते, ही गोष्ट विसरता येत नाही. प्रश्न मग असा होतो की जुनी गाडी बदलताना आपण कोणाचे देणे लागतो?

एक देणे रस्त्यावरच्या लोकांचे. आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमानुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांत तफावत येईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाड्यांच्या पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी दांड्यांवर, म्हणजे बुल बारवर, कारवाईचे आदेश राज्यांना दिले होते. उलट २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. पण मग ती गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणजे कायदा म्हणतो, मूळ रूप जपायचे तर काम सोडा. नाव राहील, काम जाईल.

कायद्याची कटकट म्हणून हे सोडून देऊ नये, त्याच्या मागे यंत्राचे शास्त्र आहे. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. घाटात हे काय असते, ते सांगायला नको. मोठे टायर लावले की ब्रेकला जास्त जोर लागतो, एक्सलवर ताण येतो, आणि काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात त्याहून वेगात असते. पुढच्या लोखंडी दांड्याने गाडीवाल्याचा पत्रा वाचतो, पण शाळेतून घरी जाणाऱ्या पोराला लागला तर त्याच्या हाडांचा चुरा होतो. धडकेचा मार स्वतःवर न घेता समोरच्यावर ढकलायचा, हा त्या दांड्याचा अर्थ आहे. आमच्याकडचे रस्ते अरुंद, कडेला पायवाट नाही, आणि मुले त्याच कडेने चालतात. एखाद्या बदलाने माझी सुरक्षितता वाढते आणि दुसऱ्याची घटते, तेव्हा तो बदल नीतीच्या दृष्टीने दुरुस्ती ठरत नाही.

दुसरे देणे वाळूचे. हे थोडे विचित्र वाटेल. पुळण ही मोकळी जागा आहे, कोणाची मालकी नाही, मग तिथे गाडी फिरवली तर बिघडले कुठे, असे विचारले जाते. पण दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडून पाण्याकडे धावतात. हाच पर्यटनाचाही हंगाम. गाडीच्या वजनाने वाळू दाबली जाते आणि खालचे घरटे गुदमरते. चाकांच्या खोल चाकोरीत सापडलेले पिल्लू तिच्यातच सरळ चालत राहते, पाणी जवळ असून पोहोचत नाही, आणि घारी-कावळ्यांच्या तोंडी जाते. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने ही घरटी जपली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वांत वरच्या अनुसूचीत जागा दिली आहे. कुवेतचे वाळवंट आणि दिवेआगरची पुळण दोन्ही वाळूच, पण दोन वाळूंचे हक्क एक नाहीत. प्रत्येक ठिकाणाला आपले रहिवासी असतात, मग ते डोळ्यांना दिसोत वा न दिसोत.

तिसरे देणे जरा खोलवरचे आहे. 'ऑफ-रोड' या शब्दातच ते दडले आहे. ज्याच्या दारापर्यंत डांबरी सडक आहे, त्याला रस्ता नसणे ही मौज वाटते. तो खड्डे, चिखल, दगड शोधत जातो, पैसे खर्च करून जातो. पण ज्याच्या वाडीला अजून रस्ता नाही, त्याच्यासाठी तेच खड्डे आणि तोच चिखल हे नशीब असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी दरडीखाली गेली. तिथे गाडीचा रस्ताच नव्हता. बचावपथके पावसात डोंगर चढून पायी गेली, आणि यंत्रे खाली राहिली म्हणून माती हातांनी उपसावी लागली. कितीही ताकदीची गाडी असो, तिथे तिचा उपयोग नव्हता. अशा जिल्ह्यात राहून दुर्गमतेचा खेळ करायचा, तर निदान दुर्गमता म्हणजे काय, याची जाणीव असावी. मामूंची गाडी चिखलातून जात असे ती कोणीतरी पलीकडे वाट पाहत असे म्हणून. तिच्या चार चाकांतली ताकद हा पराक्रम नव्हता, ती गरज होती.

दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. हौस हे काही पाप नाही. आमच्या मुलांना हाताने काम करायला शिकवणारी ठिकाणे किती उरली आहेत? जुनी गाडी उघडली की पोरगा पत्र्याचा गंज खरवडायला शिकतो, वेल्डिंग शिकतो, पाटे उतरवायला, क्राऊन-पिनियन बसवायला शिकतो. मिस्त्रीसमोर पदवी चालत नाही, हे त्याला कळते. बी.एड.ला आम्हाला 'कृतीतून शिक्षण' पाठ करायला लावले होते. ते खरोखर पाहायचे तर गॅरेजात पाहावे. शिवाय वापरा आणि फेका अशा या काळात चाळीस वर्षे जुने यंत्र कोणी पुन्हा चालते करत असेल, तर तो उधळपट्टीच्या विरुद्ध दिशेने चालला आहे, हेही मान्य करावे लागेल. जुने डिझेल इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर ओकते हे खरे, पण नवी गाडी घडवायलाही लोखंड आणि कोळसा लागतोच. हिशेब सरळ नाही. धूर मोजून, तपासणी करून, गाडी वर्षाकाठी थोडीच चालवली तर पारडे एका बाजूला जाईल, रोज मौजेखातर पळवली तर दुसऱ्या. आणि आनंदाचे म्हणाल, तर मामूंनाही ती गाडी चालवताना आनंद होत असेच. ओढ्यातून पलीकडे चढली की ते स्टिअरिंगवर थाप मारत. कामातला आनंद आणि आनंदासाठी आनंद यांत भिंत घालता येत नाही.

मग मामेभावाच्या गाडीचे काय झाले? त्याने सुट्या भागांची यादी केली होती. सहा इंच उंची, मोठे टायर, पुढे दांडा, हौदा काढून तिथे नळ्यांचा पिंजरा. आमचा मिस्त्री साठीचा आहे आणि यादी वाचायला त्याला चष्मा लागतो. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "भाई, सगळं होईल. पण एवढी उंच केलीत तर मामी चढणार कशा?"

मामेभाऊ काही बोलला नाही. मला त्या प्रश्नात हिदायापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळ्यांचे सार सापडले. मिस्त्रीने शुद्धतेची बाजू घेतली नव्हती. इंजिनात त्याने स्वतःच तीन गाड्यांचे भाग घातले होते, आणि त्याबद्दल त्याला काडीचीही खंत नव्हती. त्याने फक्त एवढेच विचारले की या गाडीत आजवर जे बसत आले, ते यापुढे बसू शकतील का.

गाडी तयार झाली. चासी घासून, गंज काढून रंगवली. पत्रा अर्ध्याहून अधिक नवा आहे. ब्रेक बदलले, कारण जुने भरवशाचे नव्हते. चार चाकांची ताकद पुन्हा लागते. टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचेच, पण चिखलात पकड घेणारे. पुढे दांडा नाही. हौदा तसाच आहे, आणि त्यात चढायला मागे एक लोखंडी पायरी आली आहे, जी पूर्वी नव्हती. मूळ रूपाचा कट्टर भक्त या पायरीवर आक्षेप घेईल. माझ्या मते त्या गाडीत झालेला सर्वांत प्रामाणिक बदल तोच आहे. म्हाताऱ्या झालेल्या मामींसाठी गाडी बदलली, आणि बदलूनच ती मामूंची राहिली.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आमच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या आणि रस्ते खोडांनी बंद केले. तेव्हा अशा जुन्या, उभ्या राहिलेल्या गाड्या किती उपयोगाच्या ठरल्या असत्या, याचा विचार अनेकांनी केला असेल. पुन्हा वादळ येईल. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ते धरूनच चालावे. त्या दिवशी विंच खोड ओढायला लागेल, दोर लागेल, लो गिअर लागेल. मौजेसाठी बसवलेली ताकद त्या दिवशी फर्ज म्हणून वापरायची तयारी असेल, तर मौजेला माझी हरकत नाही. एखाद्या रविवारी पोरांनी ती गाडी डोंगरातल्या खडकाळ वाटेवर नेऊन आणली, चिखलाने माखवली आणि हसत घरी आली, तर ते वाईट झाले असे मी म्हणणार नाही. वाट पाणंद असावी, शेत नसावे, पुळण नसावी, इतकीच अट.

'जुनी गाडी कोणाची?' या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. कागदावर ती ज्याच्या नावावर आहे त्याची. आठवणीत ती ज्याने चालवली त्याची. पण जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या कामी आली, तिच्यावर गावाचाही थोडा हक्क असतो, आणि ती ज्या जमिनीवरून जाते त्या जमिनीवर राहणाऱ्यांचाही. वारसा म्हणजे हे सगळे हक्क एकदम हातात येणे. फळ्या बदलाव्याच लागतात, नाहीतर होडी बुडते. बदलताना कोणाला खाली उतरवले आणि कोणासाठी पायरी लावली, एवढे मात्र प्रत्येकाने आपल्या घरातल्या जुन्या वस्तूपाशी उभे राहून एकदा स्वतःला विचारावे.